दिवसाची शेवटची जमा

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेपासून जवळच, पॅटागोनिया नावाचे एक लहानसे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० फूट उंचीवर वसलेल्या या गावाच्या कडेने सोनोइटा नावाचा ओढा वाहतो आणि वायव्येला सांता रिटा पर्वताची रांग उभी असते. ऑगस्ट महिना तेथेही पावसाचा. तेथील लोक त्या पावसाला 'मान्सून' असेच म्हणतात. दुपारी ढग गडगडून बरसून जातात, पाचच्या पुढे आकाश निवळते आणि धुतलेल्या हवेतून तिरपे, सोनेरी ऊन अंगणात उतरू लागते.

अशा वेळी गावातील एका साध्याशा घराच्या परसात बाकांवर माणसे निःशब्द बसलेली दिसतात. कोणाच्या हाती दुर्बीण, कोणापुढे तिपाईवर ठेवलेला लांब भिंगाचा कॅमेरा. समोर झाडांना आणि घराच्या वळचणीला साखरपाण्याची लाल झाकणांची भांडी टांगलेली. आणि त्या भांड्यांभोवती, हवेत स्थिर राहून, चोच पुढे करून, क्षणात मागे सरकून पुन्हा पुढे येणारे चिमुकले पक्षी : हमिंगबर्ड. मराठीत त्याला गुंजन पक्षी असेही म्हणतात, कारण त्याच्या पंखांच्या वेगामुळे भुंग्यासारखा गुणगुणाट ऐकू येतो.

सूर्यास्ताला तासभर उरला असताना या अंगणात दोघांची लगबग सुरू होते. छायाचित्रकाराला हवा असतो तो दिवसातील सर्वांत सुंदर प्रकाश. पक्ष्याला हवे असते रात्र तरून जाण्यापुरते अन्न. दोघांच्या गरजेची वेळ एकच. त्यातील एकाची गरज हौसेची आहे आणि दुसऱ्याची प्राणांची, एवढे भान ज्याला राहते तोच या छंदाला पात्र ठरतो.

रुपयाच्या नाण्याएवढा जीव

हमिंगबर्डच्या सुमारे ३६० जाती आहेत आणि त्या सर्व केवळ उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत व त्यांच्या लगतच्या बेटांवर आढळतात. आपल्याकडे पुष्कळ जण बागेतील शिंजीर पक्ष्याला हमिंगबर्ड समजतात. शिंजीरही चिमुकला, चकाकता आणि फुलांतील मधुरस पिणारा. परंतु त्याचे कूळ निराळे. तो बहुधा फांदीवर बसून रस पितो, क्वचितच क्षणभर हवेत थबकतो. दिवेलागणीला रातराणीवर किंवा सदाफुलीवर भिरभिरणारा आणि लांब सोंडेने रस शोषणारा जीव दिसला, तर तो बहुधा पतंग असतो. खरा हमिंगबर्ड पाहायचा तर समुद्र ओलांडावाच लागतो. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांच्या गच्चीत किंवा अंगणात मात्र तो बाराही महिने येऊ शकतो आणि सुट्टीत नातवंडांकडे गेलेले आजी-आजोबा त्याला प्रथम तेथेच पाहतात.

त्याचे वजन ऐकून विश्वास बसत नाही. अमेरिकेच्या पूर्व भागातील माणिककंठी हमिंगबर्ड जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅमचा, म्हणजे आपल्या एका रुपयाच्या नाण्याएवढा. क्यूबातील 'बी हमिंगबर्ड' तर दोन ग्रॅमही भरत नाही. जगातील सर्वांत लहान पक्षी तो हाच. एवढ्याशा देहात पंख सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा हलतात आणि एका जातीत हृदयाचे ठोके मिनिटाला १,२६० पर्यंत मोजले गेले आहेत. पंख पुढे जाताना व मागे येतानाही त्याला उचल मिळते. त्यामुळे तो हवेत एका जागी उभा राहू शकतो, इतकेच नव्हे तर मागेही उडू शकतो.

सांजप्रकाशाची किमया

हमिंगबर्डचे छायाचित्र घेण्याची खरी अडचण वेगाची नसून रंगाची आहे. नराच्या कंठावरील माणकासारखा लाल किंवा जांभळा रंग कोणत्याही रंगद्रव्यातून आलेला नसतो. पिसांच्या सूक्ष्म तंतूंत अतिशय पातळ चकत्यांचे थर असतात आणि त्या चकत्यांत हवेचे बारीक बुडबुडे असतात. साबणाच्या फुग्यावर जसे रंग खेळतात, तसाच या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशातून तो रंग उमटतो. साहजिकच तो विशिष्ट कोनातूनच दिसतो. पक्ष्याने मान किंचित वळवली की जळता निखारा विझून कोळसा व्हावा तसा कंठ काळा पडतो. 'ब्लॅक-चिन्ड' म्हणजे काळ्या हनुवटीचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्याच्या गळ्याखाली जांभळी पट्टी असते. पण ऊन नेमके पडले नाही तर ती आहे हे कळतही नाही.

भर दुपारचे ऊन डोक्यावरून येते. त्याने पक्ष्याची पाठ उजळते आणि कंठ सावलीत राहतो. संध्याकाळचे ऊन आडवे येते. छायाचित्रकाराने सूर्याकडे पाठ केली आणि पक्षी समोर आला की प्रकाश थेट त्याच्या कंठावर पडून तसाच भिंगाकडे परततो. एका निमिषापुरता तो निखारा पेटतो. त्या निमिषासाठी अनुभवी मंडळी तासन्‌तास बसून राहतात.

संध्याकाळच्या या प्रकाशाचे तीन प्रहर मानता येतील. पहिला प्रहर सूर्य अजून दोन हात वर असतानाचा. या वेळी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतक्या वेगाने शटर उघडता येते. पंखांची टोके थोडी पुसट राहतात. पण पिसे, डोळा आणि कंठाचा रंग स्वच्छ येतो.

दुसरा प्रहर सूर्य डोंगराच्या कडेला टेकतानाचा. आता जाणकार छायाचित्रकार जागा बदलतो आणि पक्षी आपल्या व सूर्याच्या मध्ये येईल असा बसतो. कंठाचा रंग दिसेनासा होतो. त्याऐवजी पंख अभ्रकाच्या पातळ पत्र्यासारखे पारदर्शक होऊन उजळतात, अंगाभोवती सोनेरी किनार उमटते. सूर्य नेमका पंखांच्या मागे आला तर पिसांच्या फटींतून प्रकाश विखुरून पंखांवर इंद्रधनुष्याचे रंगही दिसतात. ब्राझीलमध्ये राहणारे ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार ख्रिश्चन स्पेन्सर यांची काळ्या जॅकोबिन हमिंगबर्डची अशी छायाचित्रे जगभर गाजली. ते रंग पंखांत नसतात, प्रकाशातच असतात. पंख फक्त ते वेगळे करून दाखवतात.

तिसरा प्रहर सूर्य मावळल्यानंतरचा. येथे छायाचित्रकाराचे गणित कठीण होते. प्रकाश निम्मा झाला की कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, दुप्पट करावी लागते : ८०० चे १,६००, त्याचे ३,२००, त्याचे ६,४००. हा एक प्रकारे उधारीवर घेतलेला प्रकाश होय आणि त्याचे व्याज चित्रात रवाळ कणांच्या रूपाने भरावे लागते. हे व्याज परवडेनासे झाले की शटरचा वेग कमी करणे एवढाच मार्ग उरतो. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात पंख धुक्यासारखे पसरतात. परंतु हमिंगबर्ड हवेत तरंगताना आपले डोके आश्चर्यकारक स्थिर ठेवतो, त्यामुळे डोळा मात्र स्पष्ट उमटतो. पुष्कळ जाणकारांना हेच चित्र अधिक खरे वाटते, कारण मानवी डोळ्याला हा पक्षी असाच तर दिसतो.

पक्ष्याची रोजकीर्द

छायाचित्रकार असा प्रकाशाचा हिशेब करीत असता पक्षी आपला हिशेब करीत असतो आणि तो अधिक काटेकोर असतो. हमिंगबर्ड दिवसभरात स्वतःच्या वजनाहून अधिक मधुरस पितो. शिवाय बारीक कीटकही खातो. जमा मोठी, पण खर्चही तितकाच मोठा. दुपारपर्यंत त्याच्याकडे फारशी शिल्लक राहत नाही आणि विशेष म्हणजे ती ठेवणे त्याला सोयीचेही नसते. पोट भरून जड झालेल्या पक्ष्याला चपळाईने वळता येत नाही, प्रतिस्पर्ध्याला हुसकावता येत नाही. म्हणून तो दिवसा थोडे थोडे पितो, हलका राहतो आणि दिवस मावळताना मात्र घाईघाईने पुन्हा पुन्हा येऊन गळ्यातील अन्नाची पिशवी भरून घेतो. दुकानदार जसा दिवसभर गल्ल्यातील रोकड फिरती ठेवतो आणि दुकान वाढवताना तिजोरीत भरणा करतो, तसाच हा प्रकार. सांजवेळी या भांड्यांभोवती जी झुंबड उडते तिचे कारण हेच.

रात्री हा पक्षी अन्न घेत नाही. देहाचे तापमान दिवसा चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास असते; तेवढी ऊब रात्रभर टिकवायची तर तीन ग्रॅमच्या देहातील साठा अपुरा पडण्याची भीती असते. यावर निसर्गाने त्याला एक उपाय दिला आहे. साठा कमी पडला किंवा गारठा फार असला की तो सुप्तावस्थेत जातो. तापमान उतरते, श्वास मंदावतो, हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्याही खाली येऊ शकतात. पेरूतील अँडीज पर्वतात काळ्या मेटलटेल जातीच्या एका हमिंगबर्डचे तापमान रात्री ३.३ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याची नोंद संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. असा पक्षी स्पर्श केला तरी उडत नाही. कधी फांदीला उलटा लोंबकळतो आणि पाहणाऱ्याला तो मेला असेच वाटते. पहाटे अंगाला कंप देऊन तो स्वतःला पुन्हा तापवतो. त्या कामालाही शिल्लक साठ्यातूनच खर्च करावा लागतो.

ऑगस्टमध्ये ॲरिझोनात या हिशेबाला आणखी एक कलम जोडले जाते. रूफस जातीचे तांबूस हमिंगबर्ड उत्तरेकडून परतत असतात. त्यांतील काही पार अलास्कापर्यंत जाऊन प्रजनन करतात आणि हिवाळ्यासाठी मेक्सिकोकडे निघतात. हजारो किलोमीटरचा हा प्रवास. वाटेतील अंगणात संध्याकाळी मिळालेला घोट म्हणजे त्यांची प्रवासाची शिदोरी असते.

बंदुकीपासून भिंगापर्यंत

या पक्ष्याच्या सौंदर्याची किंमत मनुष्याने नेहमीच मोजली. पण ती बहुतेक वेळा पक्ष्याच्याच खात्यातून वसूल केली. एकोणिसाव्या शतकात हमिंगबर्डची कातडी दक्षिण अमेरिकेतून हजारोंच्या संख्येने लंडनच्या बाजारात येत. काही संग्राहकांच्या कपाटात जात, काही स्त्रियांच्या टोप्यांवर चढत.

प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८५१ मध्ये, लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वर्षी, रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेल्या हमिंगबर्डचे प्रदर्शन मांडले. पिसांवर प्रकाश योग्य कोनातून पडावा अशा रीतीने काचेच्या पेट्या रचलेल्या होत्या. प्रवेशमूल्य सहा पेन्स. सुमारे ७५,००० लोकांनी ते पाहिले. त्या काळी एका पौंडाचे २४० पेन्स होत. त्या हिशेबाने जमा झालेली रक्कम १,८७५ पौंडांच्या घरात जाते. गूल्ड यांनी १८४९ पासून या पक्ष्यांवरील पाच खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध करण्यास आरंभ केला होता. आणि तरीही जिवंत हमिंगबर्ड त्यांनी प्रथम पाहिला तो १८५७ मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील बार्ट्रम उद्यानात. शेकडो पक्षी संग्रही असलेल्या माणसाला एक उडता पक्षी पाहण्यासाठी इतकी वर्षे थांबावे लागले!

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली ती विसाव्या शतकात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी अतिशय अल्पकाळ चमकणारा विद्युत्‌दीप विकसित केला आणि त्याच्या साहाय्याने हमिंगबर्डचे पंख प्रथमच चित्रात थांबले. पुढे हाच मार्ग चोखाळला तो एका उद्योगपतीने. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट हे ड्यूपाँ या बलाढ्य रसायन कंपनीचे १९४८ ते १९६२ या काळात अध्यक्ष होते. एवढा व्याप सांभाळून त्यांनी हमिंगबर्डच्या छायाचित्रणासाठी दक्षिण अमेरिकेपर्यंत प्रवास केले, उपकरणे तयार करवून घेतली, पंखांची गती मोजली आणि १९६० मध्ये 'हमिंगबर्ड्‌स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पिसांतील चकत्या व हवेचे बुडबुडे यांतून रंग कसा उमटतो याच्या अभ्यासातही त्यांचा वाटा आहे. व्यवसायातील माणसाने फावल्या वेळेचे काय करावे याचे याहून चांगले उदाहरण विरळा.

पुढे कायद्यानेही साथ दिली. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी संरक्षण कायद्याने त्यांची शिकार व विक्री बंद झाली होतीच; १९८७ पासून हमिंगबर्डचे संपूर्ण कूळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या कक्षेत आले.

मोह आणि मर्यादा

बंदूक गेली तरी मोह गेला नाही. त्याने रूप बदलले. आज हमिंगबर्डच्या छायाचित्रणासाठी पुष्कळ ठिकाणी एक पद्धत वापरतात. परिसरातील सारी भांडी काढून घ्यायची आणि एकच भांडे किंवा साखरपाणी सोडलेले एकच फूल ठेवायचे. त्याभोवती तीन-चार फ्लॅश आणि मागे रंगीत पडदा. पक्ष्याला दुसरीकडे जायला वाव नसल्याने तो नेमका भिंगासमोर येतो. चित्र निर्दोष उतरते.

सकाळच्या वेळी थोडा काळ असे केल्यास पक्षी आजूबाजूच्या फुलांकडे वळू शकतो. परंतु संध्याकाळी हेच करणे म्हणजे भरण्याच्या वेळी बँकेच्या सर्व खिडक्या बंद करून एकच उघडी ठेवण्यासारखे आहे. हमिंगबर्ड आकाराने लहान असला तरी स्वभावाने भांडखोर. एक दांडगा नर भांड्याजवळ ठाण मांडून बाकीच्यांना हुसकावतो. भांडी पुष्कळ आणि एकमेकांपासून दूर असली तर दुबळ्यांनाही वाट सापडते. भांडे एकच असले तर पिल्ले आणि थकलेले प्रवासी रित्या गळ्याने अंधारात जातात. छायाचित्रात ते कोठेच दिसत नाहीत, म्हणून तो खर्च कोणी मांडत नाही.

जाणत्या मंडळींनी म्हणून काही मर्यादा पाळल्या आहेत. सूर्य कलल्यावर एकही भांडे हलवायचे नाही. फ्लॅश आवरता घ्यायचा आणि मिळेल त्या प्रकाशात काम भागवायचे. भांड्यापासून दूर बसून लांब भिंग वापरायचे, म्हणजे पक्षी येण्यास बिचकणार नाही. घरट्याजवळची डहाळी दृश्यासाठी तोडायची नाही. आणि अंधार दाटू लागला की, कितीही सुंदर पक्षी समोर आला तरी, कॅमेरा मिटून हात जोडून बसायचे.

साखरपाण्याचा नियमही साधा आहे आणि परदेशी मुलांकडे राहणाऱ्यांना तो उपयोगी पडावा. एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. मध घालायचा नाही, कारण त्याने घातक बुरशी वाढते. गूळ किंवा लाल रंगही नको; भांड्याचा लाल रंग पुरेसा असतो. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांनी पाणी बदलून भांडे गरम पाण्याने स्वच्छ धुवावे. ज्याला ही निगा राखणे शक्य नाही त्याने भांडे टांगू नये. त्यापेक्षा अंगणात मधुरसाची फुलझाडे लावणे केव्हाही श्रेयस्कर.

कुंपणावरचा डबा

पॅटागोनियातील ज्या परसापासून आरंभ केला त्याची कथा या मर्यादेचीच आहे. वॉली आणि मॅरियन पेटन हे दांपत्य १९७३ च्या सुमारास या घरात राहावयास आले. त्यांनी हमिंगबर्डसाठी भांडी टांगली. मस्तक जांभळे, पोट शुभ्र आणि चोच लाल असलेला व्हायोलेट-क्राउन्ड हमिंगबर्ड अमेरिकेत दुर्मीळ. तो या परसात हमखास दिसू लागला. बातमी पसरली आणि अनोळखी माणसे कुंपणाबाहेरून डोकावू लागली. पेटन दांपत्याने त्यांना हटकले नाही. फाटक उघडे ठेवले, बसायला बाक मांडले, सावलीसाठी छत उभारले, आज कोणते पक्षी आले ते लिहिण्यासाठी फळा लावला.

प्रवेशमूल्य मात्र ठेवले नाही. कुंपणाला एक डबा लावलेला होता. त्यावर लिहिले होते, 'शुगर फंड'. ज्याला वाटेल त्याने साखरेपुरते काही टाकावे. गूल्ड यांच्या प्रदर्शनात सहा पेन्स मृत पक्षी पाहण्यासाठी मोजले गेले. येथे डब्यात पडणारे नाणे जिवंत पक्ष्याच्या मुखी साखर होऊन जात होते. वॉली २००१ मध्ये आणि मॅरियन २००९ मध्ये निवर्तल्या. घर विकले जाऊन फाटक बंद होईल की काय, अशी चिंता पक्षिप्रेमींना लागली होती. अखेर २०१४ मध्ये टूसॉन ऑडुबॉन सोसायटीने, इतर संस्थांच्या साहाय्याने, ही जागा घेतली आणि ती आजही सर्वांसाठी खुली आहे.

संध्याकाळी तेथे बसणाऱ्यांना शेवटी जे दिसते ते क्वचितच कोणाच्या चित्रात येते. सूर्य गेलेला असतो, आयएसओचे आकडे संपलेले असतात, कॅमेरे पिशवीत परतलेले असतात. तेवढ्यात एखादा हमिंगबर्ड येतो, दीर्घ घोट घेतो, मागे सरकतो, पुन्हा पुढे येऊन आणखी एक घोट घेतो आणि काळोख्या झाडीत निघून जातो. त्याची दिवसाची शेवटची जमा झालेली असते. काही वेळाने, उन्हाळ्याच्या अखेरीस, त्याच भांड्यांवर मधुरस पिणारी वटवाघळे येऊ लागतात. दुसऱ्या ग्राहकांची पाळी सुरू होते.

घरी परतल्यावर छायाचित्रकार त्या दिवशीच्या शेकडो चित्रांतून दोन-चार निवडतो. ती चांगली उतरली की नाही हे पडद्यावर लगेच कळते. त्याच्या हौसेपायी एखाद्या पक्ष्याचा घोट चुकला की नाही, हे मात्र तेथे उमटत नाही. तो हिशेब ज्याचा त्यानेच, कोणी तपासनीस नसताना, प्रामाणिकपणे लिहावयाचा असतो.